मानेतील अरुंद धमनीवरील शस्त्रक्रिया : गुंतागुंत आणि फलनिष्पत्ती

सारांश

मेंदूला रक्त पुरविणारी मानेतील कॅरोटिड धमनी अरुंद झाल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. हा धोका कमी करण्यासाठी धमनीच्या आतील थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया गेली सात दशके केली जात आहे. ही शस्त्रक्रिया झालेला पक्षाघात बरा करीत नाही, पुढील पक्षाघात टाळते. मात्र क्वचित प्रसंगी तिच्यामुळेच पक्षाघात होतो. त्यामुळे आजचा धोका आणि उद्याचे संरक्षण यांचा हिशेब मांडल्याशिवाय तिचे मूल्यमापन होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, मोठ्या चाचण्यांतून दिसलेली फलनिष्पत्ती आणि विदर्भाच्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने या माहितीचा अर्थ स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : पक्षाघात, कॅरोटिड धमनी, एंडार्टेरेक्टॉमी, स्टेंट, क्षणिक पक्षाघात, ग्रामीण आरोग्य

प्रस्तावना

पक्षाघात हा शब्द पुस्तकी असला तरी आजार घराघरांत परिचित आहे. विदर्भात त्याला लकवा म्हणतात. काही ठिकाणी 'अंगावरून वारं गेलं' असेही म्हटले जाते. या वाक्प्रचारामुळे आजाराचे मूळ हातापायांत किंवा बाहेरच्या हवेत असल्याचा समज होतो. वस्तुतः पक्षाघाताचे मूळ मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असते आणि अनेकदा हा पुरवठा बिघडण्याची सुरुवात मानेतील धमनीत होते.

महाराष्ट्रात या आजाराचे प्रमाण किती आहे, याची कल्पना दोन अभ्यासांवरून येते. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतील १,५६,८६१ लोकसंख्येच्या वस्तीत नोंदी ठेवल्या. त्या काळात ४५६ व्यक्तींना प्रथमच पक्षाघात झाला. म्हणजे दर लाखामागे दरवर्षी सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये रक्तवाहिनी बंद पडणे हे कारण होते, आणि २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के रुग्ण दगावले.

दुसरा अभ्यास विदर्भातीलच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेच्या वतीने डॉ. योगेश कालकोंडे व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमधील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या सर्व कारणांमध्ये पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. पक्षाघाताने मृत्यू पावलेल्यांपैकी ८७ टक्के व्यक्तींनी घरीच प्राण सोडला. पक्षाघात हा शहरी व सुखवस्तू वर्गाचा आजार आहे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. म्हणूनच पक्षाघात टाळणाऱ्या उपायांची माहिती कुहीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही आवश्यक ठरते.

विकाराचे स्वरूप

मानेच्या दोन्ही बाजूंना बोटाने हलका दाब दिल्यास जी नाडी लागते ती कॅरोटिड धमनीची असते. स्वरयंत्राच्या वरच्या कडेजवळ या धमनीला दोन फाटे फुटतात. बाह्य फाटा चेहरा व टाळू यांना रक्त पुरवितो, तर अंतर्गत फाटा मेंदूकडे आणि डोळ्याकडे जातो. फाटा फुटण्याच्या जागी रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घोळतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे नेमक्या याच जागी धमनीच्या आतील अस्तरात मेदाचा थर साचत जातो.

नळात गाळ साचल्यावर पाणी कमी येते, तसेच येथे घडते अशी सर्वसाधारण कल्पना असते. ती अपुरी आहे. मेंदूला चार मुख्य धमन्यांतून रक्त मिळते आणि कवटीच्या तळाशी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एक धमनी अरुंद झाली तरी बऱ्याच वेळा पुरवठा भागतो. खरा धोका साचलेल्या थराला तडा जाण्यात असतो. तडा गेलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. तिचा लहानसा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर मेंदूत जातो आणि तेथील बारीक धमनी बंद करतो.

हा तुकडा लवकर विरघळला तर लक्षणे काही मिनिटांत किंवा तासांत नाहीशी होतात. हात लुळा पडून पुन्हा उचलता येतो, जीभ अडखळून पुन्हा चालू लागते, किंवा एका डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखा होऊन थोड्या वेळाने स्पष्ट दिसू लागते. यास क्षणिक पक्षाघात म्हणतात. डाव्या कॅरोटिड धमनीतून तुकडा गेल्यास शरीराची उजवी बाजू व बहुधा वाचा बाधित होते. डोळ्याचे लक्षण मात्र त्याच बाजूच्या डोळ्यात दिसते. क्षणिक पक्षाघातात वेदना नसते आणि सर्व काही पूर्ववत होते. त्यामुळे 'चक्कर आली होती' किंवा 'उन्हाचा त्रास झाला' असे म्हणून तो विसरला जातो. परंतु पुढच्या मोठ्या पक्षाघाताची ती पूर्वसूचना असते आणि धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या काही दिवसांतच.

शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास

मान हे शरीरातील नाजूक स्थान आहे, याची जाणीव प्राचीन भारतीय वैद्यकालाही होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या नीला व मन्या या चार धमन्यांचा उल्लेख मर्मांमध्ये येतो. तेथे आघात झाल्यास मुकेपणा, आवाजातील विकृती आणि चव न कळणे हे परिणाम सांगितले आहेत. प्राचीन संज्ञा आधुनिक शरीररचनेतील एकेका अवयवाशी तंतोतंत जुळविणे योग्य नव्हे. तरीही मानेतील इजेचा वाणीशी व जिभेशी असलेला संबंध तेव्हा निरीक्षणात आला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

मानेतील धमनीचा विकार आणि पक्षाघात यांचा संबंध कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये ठळकपणे मांडला. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी धमनीतील थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांचा रुग्ण पुढे १९ वर्षे पक्षाघाताविना जगला आणि अखेरीस हृदयविकाराने मरण पावला. मे १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी क्षणिक पक्षाघाताचे ३३ झटके येऊन गेलेल्या एका ६६ वर्षीय स्त्रीच्या धमनीचा अरुंद भाग कापून उरलेली टोके जोडली. त्याच वर्षी हे वृत्त 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि या शस्त्रक्रियेकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

यानंतर शस्त्रक्रियेचा प्रसार पुराव्याच्या पुढे धावला. अमेरिकेत १९७१ मध्ये अशा सुमारे १५ हजार शस्त्रक्रिया झाल्या; १९८५ पर्यंत ही संख्या १ लाख ७ हजारांवर पोहोचली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत तेथील १,३०२ वृद्ध रुग्णांच्या नोंदी पाहिल्या असता सुमारे एक तृतीयांश शस्त्रक्रिया अयोग्य कारणांसाठी केल्याचे आढळले. ९.८ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मोठा पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला. पक्षाघात टाळण्यासाठी केलेल्या उपायात दहामागे जवळजवळ एक रुग्ण अशा प्रकारे बाधित होत असेल, तर त्या उपायाचा फेरविचार करणे भागच होते. त्यातूनच नव्वदच्या दशकातील मोठ्या यादृच्छिक चाचण्या उभ्या राहिल्या.

शस्त्रक्रियेची पद्धत

या शस्त्रक्रियेस कॅरोटिड एंडार्टेरेक्टॉमी असे नाव आहे. मानेच्या बाजूस तिरकी चीर देऊन धमनी उघडी केली जाते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देऊन धमनीला वर व खाली चिमटे लावतात. त्यानंतर धमनी उभी चिरून आतील कठीण झालेला थर सोलून काढतात. चिमटे लावलेल्या काळात मेंदूला त्या बाजूचे रक्त मिळत नाही. आवश्यकता वाटल्यास एक तात्पुरती नळी बसवून प्रवाह चालू ठेवतात. धमनी शिवताना ती पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून बहुधा शिरेचे किंवा कृत्रिम कापडाचे ठिगळ लावले जाते.

ही शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन किंवा केवळ मान बधिर करूनही करता येते. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण जागा असतो. त्याला बोलते ठेवून व हाताची मूठ आवळावयास सांगून मेंदूची स्थिती कळते. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या 'गाला' चाचणीत ३,५२६ रुग्णांचा समावेश होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण संपूर्ण भुलीत ४.८ टक्के आणि स्थानिक भुलीत ४.५ टक्के होते. म्हणजे भुलीच्या प्रकाराने निष्पत्तीत लक्षणीय फरक पडत नाही.

शस्त्रक्रियेतील गुंतागुंत

१. *पक्षाघात :* ही सर्वांत गंभीर गुंतागुंत होय. धमनी हाताळताना थराचा तुकडा सुटणे, चिमटे लावलेल्या काळात रक्त अपुरे पडणे, किंवा शस्त्रक्रियेनंतर शिवलेल्या जागी गुठळी धरणे ही तिची प्रमुख कारणे आहेत. शुद्धीवर आल्यावर रुग्णाची वाचा आणि हातापायांची हालचाल तातडीने तपासण्याचे कारण हेच आहे. शिवलेल्या जागी गुठळी झाल्याचे वेळीच लक्षात आले, तर धमनी पुन्हा उघडून ती काढता येते.

२. *हृदयविकाराचा झटका :* मानेतील धमनीत थर साचलेल्या व्यक्तीच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा निर्दोष नसतात. डिबेकी यांच्या रुग्णाचा अंत हेच सांगतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची तपासणी आणि नंतर दीर्घकाळ औषधोपचार आवश्यक असतात.

३. *मेंदूतून निघणाऱ्या नसांना इजा :* या धमनीला लगटून जीभ, स्वरयंत्र, घसा आणि ओठाचा कोपरा यांच्या नसा जातात. त्या ताणल्या गेल्यास जीभ एका बाजूला वळते, आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो किंवा ओठाचा कोपरा खाली ओघळतो. यातील शेवटचे लक्षण पाहून पुन्हा लकवा झाला की काय, असा घरच्यांचा समज होऊ शकतो. युरोपीय चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या ५.१ टक्के रुग्णांत अशी इजा आढळली. परंतु चार महिन्यांनंतर ती केवळ ०.५ टक्के रुग्णांत उरली होती. कानाच्या पाळीला आलेला बधिरपणा यापेक्षा अधिक आढळतो, मात्र तो फारसा त्रासदायक नसतो. तरीही ज्यांचा व्यवसाय वाणीवर चालतो अशा अध्यापक, कीर्तनकार वा वकील मंडळींना या शक्यतेची कल्पना आधीच दिली गेली पाहिजे.

४. *मानेत रक्त साचणे :* जखमेत रक्तस्राव होऊन सूज वाढल्यास श्वासनलिकेवर दाब येतो. ही अवस्था काही मिनिटांतही बिकट होऊ शकते. म्हणून पहिल्या २४ तासांत रुग्णावर सतत देखरेख ठेवावी लागते.

५. *रक्तदाबातील चढउतार :* धमनीच्या फाट्याजवळच रक्तदाबाची नोंद घेणारी संवेदनशील यंत्रणा असते. शस्त्रक्रियेने ती विचलित झाल्यास रक्तदाब एकदम वाढतो किंवा उतरतो.

६. *अतिरक्तप्रवाहाची अवस्था :* दीर्घकाळ कमी रक्तावर जगलेल्या मेंदूच्या भागाला अचानक भरपूर रक्त मिळाले, की तेथील बारीक वाहिन्यांना तो दाब पेलत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचे तीव्र डोके दुखणे, झटके येणे आणि अखेर मेंदूत रक्तस्राव होणे असा हा क्रम असतो. ही अवस्था शंभरात साधारण एका रुग्णात आढळते. विशेष म्हणजे ती शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांपर्यंतही उद्भवू शकते. तोपर्यंत रुग्ण रुग्णालयातून घरी परतलेला असतो.

७. *धमनी पुन्हा अरुंद होणे :* पहिल्या दोन वर्षांत हे बहुधा जखम भरताना वाढलेल्या अस्तरामुळे घडते. त्यानंतर मूळ विकारच पुन्हा डोके वर काढतो. २०१० च्या 'क्रेस्ट' चाचणीतील रुग्णांत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या ६.३ टक्के व्यक्तींत धमनी पुन्हा लक्षणीय अरुंद किंवा बंद झालेली दिसली.

फलनिष्पत्ती : लक्षणे असलेले रुग्ण

उत्तर अमेरिकेतील 'नॅसेट' या चाचणीचा पहिला निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नजीकच्या काळात क्षणिक किंवा सौम्य पक्षाघात झालेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या ६५९ रुग्णांचा समावेश होता. पहिल्या महिन्याभरात शस्त्रक्रिया झालेल्या गटात पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण ५.८ टक्के होते, तर केवळ औषधे घेणाऱ्या गटात ते ३.३ टक्के होते. येथेच पाहणी थांबविली असती, तर शस्त्रक्रिया अपायकारक ठरली असती. परंतु दोन वर्षांनंतर औषधे घेणाऱ्यांपैकी २६ टक्के व्यक्तींना त्याच बाजूचा पक्षाघात झाला होता, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्के व्यक्तींना. म्हणजे सहा शस्त्रक्रियांमागे एक पक्षाघात टळला. प्रारंभी पत्करलेला धोका पुढील काळात अनेक पटींनी भरून निघाला.

हाच हिशेब धमनी ५० ते ६९ टक्के अरुंद असताना वेगळा येतो. १९९८ मधील निष्कर्षांनुसार पाच वर्षांतील पक्षाघाताचे प्रमाण औषधांच्या गटात २२.२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात १५.७ टक्के होते. लाभ आहे, पण माफक आहे. धमनी ५० टक्क्यांहून कमी अरुंद असल्यास शस्त्रक्रियेने सिद्ध होण्याजोगा लाभ होत नाही. धमनी पूर्ण बंद झाली असेल, तर सामान्यतः ही शस्त्रक्रिया केली जात नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा निष्कर्ष वेळेसंबंधी आहे. पीटर रॉथवेल व सहकाऱ्यांनी अमेरिकन व युरोपीय चाचण्यांची माहिती एकत्र करून २००४ मध्ये दाखवून दिले, की शेवटच्या लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत उपचार ठरल्यास पाच शस्त्रक्रियांमागे एक पक्षाघात टळतो. बारा आठवड्यांहून अधिक विलंब झाल्यास एक पक्षाघात टाळण्यासाठी १२५ शस्त्रक्रिया कराव्या लागतात. शस्त्रक्रिया तीच, धमनी तीच, परंतु उशिरा आलेल्या रुग्णासाठी तिचे मोल जवळजवळ उरत नाही.

फलनिष्पत्ती : लक्षणे नसलेल्या व्यक्ती

तपासणीत धमनी अरुंद दिसली, पण कधीच त्रास झाला नाही, अशा व्यक्तींचा प्रश्न अधिक अवघड आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एसीएसटी' चाचणीत ३,१२० व्यक्तींचा समावेश होता. पाच वर्षांतील पक्षाघाताचा धोका तात्काळ शस्त्रक्रियेमुळे ११.८ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. यात शस्त्रक्रियेच्या वेळचा सुमारे ३ टक्के धोका धरलेला आहे. म्हणजे साधारण १९ शस्त्रक्रियांमागे एक पक्षाघात पाच वर्षांत टळला.

त्यानंतरच्या काळात कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे, रक्तदाबाचे काटेकोर नियंत्रण आणि गुठळीविरोधी औषधे यांमुळे शस्त्रक्रियेविनाही धोका बराच उतरला आहे. २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'क्रेस्ट-२' या अमेरिकाप्रणीत अभ्यासात शस्त्रक्रियेच्या चाचणीतील चार वर्षांचे प्रमाण केवळ औषधांच्या गटात ५.३ टक्के आणि शस्त्रक्रियेसह औषधांच्या गटात ३.७ टक्के आले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध ठरला नाही. त्याच अभ्यासातील स्टेंटच्या चाचणीत मात्र औषधांच्या तुलनेत स्टेंटने लाभ झालेला दिसला. म्हणून लक्षणे नसलेल्या प्रत्येक व्यक्तीवर शस्त्रक्रिया करावी, असे आज म्हणता येत नाही. निरोगी व्यक्तींनी केवळ आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये आहे म्हणून मानेची डॉप्लर सोनोग्राफी करून घेणेही तज्ज्ञ मंडळांनी शिफारसयोग्य मानलेले नाही.

स्टेंटचा पर्याय

मांडीतील किंवा मनगटातील धमनीमार्गे नळी नेऊन मानेतील अरुंद जागी जाळीदार स्टेंट बसविता येतो. चीर द्यावी लागत नसल्याने हा उपाय सौम्य वाटतो. 'क्रेस्ट' चाचणीत २,५०२ रुग्णांची तुलना करता चार वर्षांतील एकत्रित निष्पत्ती जवळजवळ सारखी आढळली : स्टेंट ७.२ टक्के, शस्त्रक्रिया ६.८ टक्के. धोक्याचे स्वरूप मात्र भिन्न होते. उपचाराच्या वेळचा पक्षाघात स्टेंटमध्ये ४.१ टक्के व शस्त्रक्रियेत २.३ टक्के होता. उलट हृदयविकाराचा झटका स्टेंटमध्ये १.१ टक्के व शस्त्रक्रियेत २.३ टक्के होता. सत्तरीच्या पुढील रुग्णांत शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरली. लक्षणे नसलेल्या ३,६२५ व्यक्तींच्या २०२१ मधील 'एसीएसटी-२' चाचणीत दोन्ही उपायांत मृत्यू किंवा अपंगत्व आणणारा पक्षाघात सुमारे १ टक्का इतकाच होता.

विदर्भाच्या संदर्भात विचार

वरील बहुतेक आकडे पाश्चात्त्य देशांतील आहेत. ते येथे जसेच्या तसे लावताना काही बाबी लक्षात घ्याव्या लागतात. भारतीय रुग्णांमध्ये मानेतील धमनीपेक्षा कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांच्या तुलनेत अधिक आढळते. त्या विकारावर ही शस्त्रक्रिया उपयोगी नसते. म्हणून क्षणिक पक्षाघात झालेल्या प्रत्येकाला मानेच्या शस्त्रक्रियेची गरज असते असे नव्हे. गरज असते ती नेमके कारण शोधण्याची.

दुसरी बाब खर्‍र्‍याची. नागपूर, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या खर्‍र्‍याचे सेवन सर्व थरांत आढळते. तंबाखू धमन्यांना अपाय करतेच. त्याशिवाय खर्‍र्‍यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर मानेला किरणोपचार द्यावे लागतात आणि त्यानंतर काही वर्षांनी तेथील धमनी अरुंद होऊ शकते. किरणोपचाराने घट्ट झालेल्या ऊतींमध्ये शस्त्रक्रिया करणे कठीण असते आणि नसांना इजा होण्याचा संभव वाढतो. अशा रुग्णांत स्टेंटचा विचार अधिक केला जातो. कर्करोगातून बरे झालेल्या व्यक्तीचा हात क्षणभर लुळा पडला, तर हा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगितला पाहिजे.

तिसरी बाब वेळेची. कुही हे तालुक्याचे ठिकाण नागपूरपासून फार दूर नाही. मांढळ, वेलतूर किंवा आंभोऱ्याच्या परिसरातील रुग्णही त्याच दिवशी नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वा अन्य मोठ्या रुग्णालयात पोहोचू शकतो. अंतरापेक्षा मोठी अडचण आहे ती लक्षण न ओळखण्याची. दहा मिनिटांत बरा झालेला हात पाहून कोणी नागपूरला जात नाही. धानाची रोवणी किंवा मिरचीचा तोडा आटोपल्यावर पाहू, असे म्हणता म्हणता शस्त्रक्रियेचा लाभ देणारे ते दोन आठवडे निघून जातात.

चौथी बाब घरी परतल्यानंतरची. अतिरक्तप्रवाहाची अवस्था रुग्ण गावी असताना उद्भवते आणि तिचे नियंत्रण मुख्यतः रक्तदाबावर अवलंबून असते. म्हणून पहिले चार आठवडे उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमितपणे रक्तदाब मोजून घेणे हा शस्त्रक्रियेचाच उर्वरित भाग मानला पाहिजे. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची किंवा गुठळीविरोधी गोळी बंद करणे विशेष धोक्याचे असते. तीव्र डोकेदुखी वा झटका आल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तत्काळ रुग्णालय गाठावे.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाने व नातेवाइकांनी पुढील प्रश्न विचारणे उचित ठरते. धमनी किती टक्के अरुंद आहे आणि ते सोनोग्राफीबरोबर सी.टी. अँजिओग्राफीनेही पडताळले आहे काय? झालेली लक्षणे याच बाजूच्या धमनीशी जुळतात काय? शेवटच्या लक्षणाला किती दिवस झाले? संबंधित शल्यविशारद व रुग्णालय अशा किती शस्त्रक्रिया करतात आणि त्यांच्या रुग्णांत पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण किती आहे? हे प्रमाण लक्षणे असलेल्या रुग्णांत ६ टक्क्यांहून आणि लक्षणे नसलेल्यांत ३ टक्क्यांहून कमी असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक दीर्घकाळ मानला जातो. चाचण्यांमधील लाभ निवडक व अनुभवी हातांनी मिळविलेला आहे. तो दंडक ओलांडला गेल्यास शस्त्रक्रियेचा लाभ तिच्या धोक्यातच विरून जातो. खर्चाच्या संदर्भात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात समाविष्ट आहे, याची विचारणा तेथील आरोग्यमित्राकडे करावी.

असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. या शस्त्रक्रियेत लाभ आणि अपाय यांचे नाव एकच आहे, ते म्हणजे पक्षाघात. म्हणूनच येथे आकडे विचारण्याला पर्याय नाही.

समारोप

कॅरोटिड एंडार्टेरेक्टॉमी ही योग्य रुग्णात, योग्य वेळी व अनुभवी हातांनी केल्यास पक्षाघात टाळणारी परिणामकारक शस्त्रक्रिया आहे. तीव्र अरुंदता व ताजी लक्षणे असलेल्या रुग्णाला तिचा लाभ सर्वाधिक होतो. लक्षणे नसलेल्या व्यक्तीत तो अल्प व अनिश्चित असतो. आणि विलंब झाल्यास तो झपाट्याने घटतो. शस्त्रक्रिया झाली तरी तंबाखू सोडणे आणि रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांवरील उपचार आयुष्यभर चालू ठेवणे अनिवार्य आहे, कारण विकार एका धमनीपुरता नसतो.

ग्रामीण भागातील महाविद्यालयीन अध्यापकाकडे विद्यार्थी व पालक अनेक बाबतींत सल्ला मागतात. आरोग्याचा प्रश्नही त्यास अपवाद नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रक्तदाब मोजण्याबरोबरच तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे आणि एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही चार लक्षणे शिकविता येतील. लक्षण लवकर गेले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, एवढे वाक्य गावागावांत रुजले, तरी शस्त्रक्रियेच्या फलनिष्पत्तीत मोठा फरक पडेल. कारण ती फलनिष्पत्ती शस्त्रक्रियागृहात पोहोचण्यापूर्वी गेलेल्या दिवसांवरच बरीचशी अवलंबून असते.